‘माहीत नाही’ म्हणणारा डबा

नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे सात टाक्या सोपवल्या गेल्या. सातही शिंदखेडा तालुक्यातल्या, सात गावांच्या. तापीकाठच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीतलं पाणी गोळा करणाऱ्या मोठ्या विहिरीतून, पंपाने पाणी उचललं की ते एकाच पाइपातून निघायचं आणि पहिल्या गावापासून सातव्यापर्यंत वाटेतल्या टाक्या भरत जायचं. पहिल्या गावाने हात सैल सोडला की सातव्या गावात नळाला नुसती हवा यायची. या भांडणावर उपाय म्हणून प्रत्येक टाकीवर आमच्या कंपनीने एक डबा बसवला होता.

कंपनी म्हणजे जळगावात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आमचे सर, सोल्डरिंग करणारा एक जण आणि मी. डब्यात तळहाताएवढा संगणक असायचा. त्याला टाकीतला फ्लोट, म्हणजे दोरीला बांधलेला तरंगता गोळा, पाण्याची पातळी सांगायचा आणि त्यावरून तो व्हॉल्व्हची मोटर फिरवायचा. जोडीला स्कूटरच्या बॅटरीएवढी बॅटरी, वर एक सौर पत्रा आणि शेजारच्या डब्याशी बोलायला छोटा रेडिओ. पाणी सोडायचं की बंद करायचं, हे तो डबा टाकीवर बसूनच ठरवायचा. दूरच्या मोठ्या संगणकाला विचारत बसला असता तर लोक तहानलेले राहिले असते, कारण त्या भागात मोबाइलची रेंज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नव्हता. जिथलं तिथे ठरवण्याच्या या पद्धतीला आमच्या धंद्यात एज कम्प्युटिंग म्हणतात. कॉलेजात त्यावर मी निबंध लिहिला होता आणि त्याला चांगले गुणही पडले होते.

मी मूळची मुक्ताईनगरकडची. घरी केळी आणि कापूस. आमच्याकडची बोली वेगळी आणि शिंदखेड्याकडची अहिराणी वेगळी, त्यामुळे पहिले काही महिने मी फोनवर अर्ध्या गोष्टी अंदाजाने समजून घ्यायचे. सातही टाक्यांवर पाणी सोडायचं काम एकच गृहस्थ बघायचे. साठीला टेकलेले, उंच, अंगावर बंडी आणि खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. सगळी गावं त्यांना नाना म्हणायची, मीही म्हणू लागले. डबे येण्याआधी त्यांनी तीसेक वर्षं ती चावी फिरवली होती. डबे आल्यावर त्यांचं काम कमी होईल असं सरांनी त्यांना सांगितलं होतं. नानांनी नुसती मान हलवली होती.

मार्चमधली एक सकाळ. मी ऑफिसात चहा घेत पडद्याकडे बघत होते. एका टाकीला एक गोल, सातही हिरवे. पाचवी टाकी ऐंशी टक्के भरलेली. तेवढ्यात नानांचा फोन आला.

"मॅडम, तुमना डबा खोटं बोली ऱ्हायना. पाचवी टाकीमा पानी नही शे."

"नाना, मला इथे ऐंशी टक्के दिसतंय."

"तठे दिसत व्हई. आठे टाकी कोरडी शे."

तिथे दिसत असेल, इथे कोरडी आहे, असं ते म्हणत होते. मी त्यांना समजावू लागले. फ्लोट नवा आहे, गेल्याच महिन्यात मी स्वतः तपासलाय, तुम्ही नीट बघितलं ना, वगैरे. ते शांतपणे ऐकून घेत होते. मागून बायकांचा आवाज येत होता, भांड्यांचाही. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही या." फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने मी निघाले. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, आणि सबंध वाटेत मी मनातल्या मनात नानांना पटवून देत होते की चूक त्यांच्याकडून झाली असणार. शिंदखेडा स्टेशनवर ते मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांनी मला सरळ पाचव्या टाकीवर नेलं.

टाकीखाली वीसेक बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. त्या गावाला दर चौथ्या दिवशी पाणी यायचं आणि यावेळची पाळी चुकली होती. टाकीच्या शेजारीच पिठाची गिरणी होती. गिरणी चालवणारी बाई, गावाची अक्का, पदराने तोंडावरचं पीठ पुसत पुढे आली. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तिने शिडीकडे बोट केलं.

"चढ वं माय. तूच देख."

मी चढले. झाकण सरकवून आत वाकले. तळाशी बोटभर गाळ आणि त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी. फ्लोट वर, आतल्या शिडीच्या दुसऱ्या पायरीला त्याची दोरी अडकून लटकत होता. पाणी खाली गेलं तरी तो तिथेच राहिला होता.

तेवढंच असतं तर मी दोष दोरीला देऊन मोकळी झाले असते. पण लॅपटॉप जोडून डब्याच्या आत बघितलं तेव्हा कळलं की फ्लोटची तार चार दिवसांपूर्वीच ढिली झाली होती. डब्याला नवा आकडा मिळतच नव्हता. आणि नवा आकडा मिळाला नाही तर काय करायचं, हे मीच लिहून ठेवलं होतं: जुनाच आकडा पुढे पाठव. पुन्हापुन्हा विचारण्यात बॅटरी जाते, ती वाचावी म्हणून. लिहिताना मला ती मोठी हुशारी वाटली होती. सतत चार दिवस तो डबा चार दिवसांपूर्वीचे ऐंशी टक्के सांगत राहिला होता, हिरव्या रंगात.

त्याहून वाईट गोष्ट नंतर कळली. नानांनी आदल्या दिवशी चावीने व्हॉल्व्ह उघडला होता, पण डब्याच्या मते टाकी भरलेली, म्हणून पाच मिनिटांत त्याने तो बंद केला. नानांनी पुन्हा उघडला. डब्याने पुन्हा बंद केला. असं चार वेळा झाल्यावर नानांनी खिशातली पक्कड काढून मोटरची तार तोडली होती. तोवर पंपाची वेळ संपली होती आणि पाणी यायचं राहिलं ते राहिलंच.

"तार का तोडली?" मी खाली येऊन विचारलं. आवाज जरा चढलाच असावा.

नानांनी अक्काकडे बघितलं. अक्काच म्हणाली, "तुना डबा शिकेल शे, पन तो वाकीसन देखत नही." शिकलेला आहे, पण वाकून बघत नाही. हंडे घेऊन बसलेल्या बायांपैकी कोणीतरी हसलं. मला मात्र रडू येईल असं वाटलं. मी दोन्ही तारा जोडल्या, दोरी सोडवली आणि फ्लोटला पाइपचा तुकडा बसवला, म्हणजे तो पुन्हा अडकणार नाही. नानांनी जॅकवेलवर फोन करून पंप जादा वेळ चालवायला सांगितला. दुपारी पाणी आलं तेव्हा मी गिरणीच्या ओट्यावर बसले होते. अक्काने न विचारताच भाकरी आणि मिरचीचा ठेचा समोर ठेवला.

त्या दुपारी मी नानांना पहिल्यांदा नीट विचारलं, की डबे नव्हते तेव्हा तुम्ही कसं चालवत होता. मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही डबे बसवताना कोणी विचारलंच नव्हतं.

ते उठले. चावी घेऊन टाकीच्या खालून वर येणाऱ्या पाइपवर ठोकली. एकदा खाली, एकदा कमरेच्या उंचीवर, एकदा हात उंच करून. "आईकं?" त्यांनी विचारलं. भरलेल्या पाइपाचा आवाज बसका होता आणि रिकाम्याचा मोकळा. मला फरक तिसऱ्या वेळी कळला. मग त्यांनी सांगितलं, आवाजावरूनही कळलं नाही तर ते काय करायचे.

"माले समजनं नही तर मी सांगस, माले माहीत नही. मंग थोडं पानी सोडस. बठ्ठं नही. थोडं. आनि मंग जाईसन देखस."

कळलं नाही तर सांगायचं की माहीत नाही. थोडं पाणी सोडायचं, म्हणजे टाकी रिकामी असेल तर घोटभर तरी मिळेल आणि भरलेली असेल तर फार वाया जाणार नाही. मग स्वतः जाऊन बघायचं. मी पिशवीतून वही काढली. नानांना वाटलं मी त्यांची तक्रार लिहितेय. तसं नाही म्हटल्यावर ते बोलत गेले. नदीला पाणी कमी असलं की कोणाचं आधी तोडायचं? कोणाचंच पुरतं तोडायचं नाही, सगळ्यांचं थोडं थोडं कमी करायचं. पण गुरांच्या हाळात, म्हणजे पाणी प्यायच्या हौदात, आणि शाळेच्या टाकीत आधी सोडायचं. आणि पुढच्या गावात काय चाललंय हे कळत नसलं, तर मागच्या गावाने आपला हात आखडता घ्यायचा, म्हणजे पाणी पुढे जाईल. हे सगळं ते इतक्या सहज सांगत होते, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

परतीच्या गाडीत मी वही उघडून बसले. माझ्या त्या निबंधात हेच होतं, फार मोठ्या शब्दांत. यंत्रणेतला एक भाग बिघडला तर बाकीच्यांनी काय करावं. फक्त त्या निबंधात बिघाड सावरायला दुप्पट यंत्रं होती, भरपूर वीज होती आणि कधी न तुटणारी रेंज होती.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी तारेचं ऐकून कपाळाला हात लावला. मग विचारलं, "काय हवंय तुला? दुसरे डबे मिळणार नाहीत. जादा म्हणून एकच आहे आपल्याकडे."

"डबे नकोत. आहेत त्यातच करते. पण जागा करावी लागेल. मेमरी भरलीय."

"मग काय काढणार?"

"आलेख."

आलेखावर सरांचा जीव होता. डब्यात पाण्याच्या चढउताराचा सुंदर निळा आलेख तयार व्हायचा. कोणी पाहुणे ऑफिसात आले की सर तोच दाखवायचे. मी सांगितलं की डब्याची अर्धी मेमरी आणि बरीचशी बॅटरी त्या आलेखातच जाते, आणि पाचव्या गावात तो कोणीही बघत नाही. सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. काढ."

पुढचा दीड महिना मी ते काम केलं. आकडा अर्ध्या तासापेक्षा जुना असेल तर डब्याने तो पुढे पाठवायचा नाही. व्हॉल्व्ह उघडा असूनही आकडा हलत नसेल तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. दोन्ही वेळा त्याने सरळ ‘माहीत नाही’ असं कळवायचं आणि ठरल्या वेळी अर्धा तासच पाणी सोडायचं. बॅटरी उतरायला लागली की बाकी सगळं बंद करायचं, अगदी आमच्याशी बोलणंही, पण व्हॉल्व्ह फिरवण्यापुरती शक्ती राखायची. स्वतःच कुठे अडकून पडला तर स्वतःला बंद करून पुन्हा चालू व्हायचं. दर काही मिनिटांनी शेजारच्या डब्याला ‘मी आहे’ एवढंच सांगायचं, आणि शेजाऱ्याकडून ते ऐकू आलं नाही तर आपला हात आखडता घ्यायचा. शिवाय प्रत्येक डब्यावर एक लाल दिवा. शेजारी गप्प झाला की तो लागणार, म्हणजे खालून जाणाऱ्या कोणालाही दिसेल.

आणि एक खटका. तो खाली ओढला की डब्याने गप्प बसायचं, नानांची चावी चालेल. हा खटका सरांना पसंत नव्हता. कोणीही येऊन ओढेल, ते म्हणाले. मी म्हटलं, नाहीतर नाना पुन्हा पक्कड काढतील. ते हसले आणि प्रश्न सुटला.

डब्यांमध्ये हे सगळं भरायला मला सातही टाक्यांवर चढावं लागलं. एप्रिल संपत आला होता. उन्हाने तापलेल्या शिडीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता, मी हाताला रुमाल गुंडाळून चढायचे. दुसऱ्याच दिवशी एक नवं दुखणं निघालं. दुपारी एक ते चारच्या दरम्यान डबे आपोआप बंद पडत होते आणि उन्हं कलली की सुरू होत होते. मी दोन दिवस माझ्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले. तिसऱ्या दिवशी डब्याला हात लावला तर चटका बसला. आतल्या यंत्राला उष्णता सहन होत नव्हती, बास. पंखा बसवायचा तर बॅटरी पुरणार नव्हती.

मी खाली येऊन हे नानांना सांगत होते. अक्का गिरणीच्या दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "त्याले झोपडी करी दे ना." मला आधी कळलं नाही. तिने घरामागचा पऱ्हाट्यांचा ढीग दाखवला. कापूस वेचून झाल्यावर राहिलेल्या त्या वाळक्या काड्या खानदेशात प्रत्येक घरी चुलीसाठी रचलेल्या असतात. अक्काने त्यांची पेंढी बांधली, नानांनी ती वर नेली, आणि आम्ही डब्यावर हातभर अंतर सोडून पऱ्हाट्यांचं छप्पर केलं. सौर पत्रा तेवढा उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी डबा चालू होता. मी सातही टाक्यांवर तशी छपरं केली. सरांनी त्यांचा फोटो बघितला आणि म्हणाले, हा फोटो पाहुण्यांना दाखवायचा का नाही ते मला ठरवू दे.

याच दिवसांत कधीतरी नाना मला मॅडमऐवजी माय म्हणायला लागले. नेमकं कधी ते आठवत नाही.

मेच्या शेवटी वादळ आलं. जळगावात दुपारी चारच्या सुमारास आभाळ पिवळं झालं, धूळ उठली, आमच्या खिडकीसमोरचा जाहिरातीचा फलक आडवा झाला. थोड्या वेळाने पडद्यावरचे सातही गोल एकदम राखाडी झाले. सगळ्यांखाली एकच ओळ: माहीत नाही.

जॅकवेलच्या छतावर आमचा मुख्य रेडिओ होता. डब्यांचं बोलणं तिथे गोळा होऊन आमच्यापर्यंत यायचं. तो खांबासकट पडला असणार, हे उघड होतं. नानांचा फोन लागेना. त्या भागातले मोबाइलचे मनोरेही बंद पडले होते.

"आधी निदान हिरवं तरी दिसायचं," सर पडद्याकडे बघत म्हणाले.

"हिरवं दिसत होतं तेव्हाच टाकी कोरडी होती, सर."

त्यांनी पुन्हा नानांचा नंबर लावला. पण बोलताना दाखवला तितका धीर मलाही नव्हता. टेबलावर चालवून बघितलेलं काम आणि खरं वादळ यात फरक असतो. दुसरा दिवस तसाच गेला. त्या दिवशी चार गावांची पाण्याची पाळी होती हे मला पाठ होतं. घरून आईचा फोन आला. आमच्या बागेतली बांधाकडची केळी आडवी झाली होती, बाकी बाग उभी होती. बाबांनी तिच्या हातून फोन घेऊन विचारलं, "तुह्या त्या गावायले पानी पोचलं का?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हटल्यावर माझं मलाच जाणवलं, की दिवसभर मी सगळ्यांना हेच उत्तर देतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. रेल्वे रखडली होती, म्हणून एसटीने धुळ्याला गेले आणि तिथून दुसऱ्या गाडीने शिंदखेडा. रस्त्यात कडुनिंब आडवे पडलेले, पत्रे शेतात उडालेले. खांद्यावरच्या पिशवीत आमचा एकुलता एक जादा डबा होता. स्टँडवर उतरले तर मला न्यायला येईल असं कोणी नव्हतं, कळवणारच कशी. एका रिक्षाने पहिल्या गावापर्यंत गेले. टाकीखाली नाना मोटरसायकलला टेकून बिडी ओढत बसले होते.

"नाना, सगळे डबे बंद पडले का?"

"नही माय. एकच मरना." त्यांनी बिडी विझवली. "पन बठ्ठा गावले पानी भेटनं."

सगळ्या गावांना पाणी मिळालं होतं. मी तिथेच, टाकीखालच्या ओल्या सिमेंटवर बसले.

मग आम्ही एकेक टाकी बघत गेलो. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जॅकवेलवर वीज आली होती आणि पंप सुरू झाला होता. डब्यांना आमच्याशी बोलता येत नव्हतं, पण शेजाऱ्यांशी येत होतं. पहिल्या दोघांनी नेहमीसारखं काम केलं होतं. तिसऱ्याच्या सौर पत्र्यावर धुळीचा थर बसला होता आणि बॅटरी उतरली होती. त्याने बाकी सगळं बंद करून फक्त व्हॉल्व्ह सांभाळला होता. चौथ्याचा फ्लोट वाऱ्याने कुठेतरी आपटून वाकडा झाला होता. त्याने ‘माहीत नाही’ धरून अर्धा तास पाणी सोडलं होतं. टाकी अर्धीच भरली, पण भरली.

पाचव्या गावात अक्का वाटच बघत होती. तिच्या टाकीवरचा लाल दिवा अजून लागलेला होता. सहाव्या टाकीवर वीज पडली होती, तो डबा जळून काळा झाला होता आणि त्याचा व्हॉल्व्ह बंद स्थितीत अडकला होता. सहावा बोलेनासा झाला तेव्हा पाचव्याने दिवा लावला आणि आपली पाळी अर्ध्यावर आणली. पाणी पुढे गेलं. पण सहाव्याचा व्हॉल्व्ह उघडायला तिथे कोणी नव्हतं. दिवा दिसल्यावर अक्काने गिरणीवर दळण घेऊन आलेल्या सहाव्या गावच्या माणसाकडे निरोप दिला, की नानांना शोध. नाना तेव्हा रस्त्यात पडलेल्या झाडापलीकडे अडकले होते. निरोप पोचल्यावर ते चावी खांद्यावर टाकून चालत सहाव्या टाकीपर्यंत गेले, खटका ओढला आणि हाताने पाणी सोडलं.

अक्का हे सांगताना दिव्याकडे बघून म्हणाली, "हाई चांगलं करं तू." एवढंच. पण त्या दिवशी जेवताना तिने मला दोनदा वाढलं.

सातव्या टाकीने मात्र आम्हाला हसवलं. तिथला डबा वादळात बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि त्यात त्याचं घड्याळ चुकलं होतं. रेंज नसल्याने खरी वेळ विचारायची कोणाला, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. त्याने सकाळची पाळी समजून भर दुपारी पाणी घेतलं. गाव झोपलेलं. टाकी भरली हे कोणाला कळलंच नाही. संध्याकाळी कोणीतरी सवयीने नळ सोडला आणि पाणी अंगावर उडालं तेव्हा कळलं. वेळ कळत नसेल तर शेजारच्या डब्याला विचार, ही ओळ मी तिथेच पायरीवर बसून लिहिली. जळालेल्या डब्याच्या जागी पिशवीतला डबा बसवला. खांब उभा राहायला आणखी आठ दिवस लागले, आणि ते आठ दिवस सातही गावांनी पडद्याशिवाय काढले.

पावसाळ्यानंतर धुळ्यात आसपासच्या गावांच्या पाणी सोडणाऱ्या लोकांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं. शिकवायला मला बोलावलं होतं, नानाही आले होते. मी तयारी करून गेले, फळ्यावर आकृती काढली, आणि पाच मिनिटांत समोरचे वीस-पंचवीस चेहरे कोरे झालेले दिसले. मी खडू नानांच्या हातात दिला. ते आधी नको नको म्हणाले, मग उठले. त्यांनी फळ्यावर सात गोल काढले आणि अहिराणीत वादळाची गोष्ट सुरू केली. लोक पुढे सरकले. मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

गोष्ट संपल्यावर दोंडाईचाकडून आलेल्या एका माणसाने हात वर केला. दोन शेजारचे डबे दोघेही चालू आहेत, पण मधला रेडिओ बिघडला तर? दोघांनाही वाटेल की दुसरा मेला. दोघेही हात आखडता घेतील आणि पाणी असून दोन्ही गावं अर्धपोटी राहतील.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी सात टाक्यांवर इतके दिवस चढले होते, पण हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मी उठून फळ्याकडे गेले. त्या माणसालाही पुढे बोलावलं. चहा आला, गार झाला. तिघांनी मिळून फळ्यावर दोन गोल काढले, पुसले, पुन्हा काढले. शेवटी तो माणूसच म्हणाला, की पाइपातल्या पाण्याचा दाब बघितला तर शेजारी पाणी घेतोय की नाही हे रेडिओशिवायही कळेल. मी ते वहीत लिहून घेतलं आणि त्याला विचारलं की तुमची टाकी बघायला उद्या आले तर चालेल का.

"उद्या कसाले?" तो म्हणाला. "आतेच चाला."